खुंटीचा तास

बाईंची एक गोष्ट होती. त्यांनी लिहिलेली नव्हे. लिहिणारा तर कधीच मातीत मिसळला होता. पण वर्षानुवर्षं शिकवून बाईंनी ती इतकी आपलीशी करून टाकली होती, की शाळेत कुणी ‘बाईंची गोष्ट’ म्हटलं की ती ‘खुंटी’च, हे घंटा वाजवणाऱ्या शिपायालासुद्धा ठाऊक होतं.

गोष्ट अशी. एका पेढीवर काम करणारा एक सरळमार्गी कारकून संध्याकाळी घरी येतो. दारामागची खुंटी नेमकी त्याच दिवशी तुटलेली असते आणि बहीण ओला कोट हातात घेऊन उभी असते. ‘दे, मी धरतो,’ म्हणून तो हात पुढे करतो. झालं. सकाळी उठून बघतात तर तो तिथेच, भिंतीला पाठ लावून, हात तसाच. हात खाली येत नाही, पाय उचलत नाहीत, तोंडातून शब्द फुटत नाही. घरात रडारड होते. डॉक्टर येतात, हात धुवायला जाताना आपली हॅट त्याच्या मनगटावर अडकवतात आणि निघताना म्हणतात, ‘प्रकृती उत्तम आहे.’ सुरुवातीला आई त्याच्याजवळ बसून बोलते. मग येता-जाता बोलते. मग नुसतीच पिशवी अडकवते. भिंती रंगवायला माणसं येतात तेव्हा रंगारी विचारतो, ‘हिला पण मारायचा?’ आणि वडील वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणतात, ‘मारा की. सगळं एकसारखं दिसेल.’ शेवटी बिऱ्हाड हलतं. सामान जातं, माणसं जातात. नवा भाडेकरू रिकाम्या खोलीत शिरतो, चारी बाजूंना बघतो आणि म्हणतो, ‘चला, खुंटी तरी आहे.’ इथे गोष्ट संपते.

पुस्तकाच्या शेवटी या गोष्टीवर टिपा होत्या: माणसाचे एकाकीपण, रूपांतराचा अर्थ, जीवनाची निरर्थकता. मुलं त्या पाठ करत. परीक्षेत सगळ्यांचं जीवन एकाच वेळी, एकाच वाक्यात निरर्थक होई, आणि निकाल लागला की पुन्हा सुरळीत चालू होई.

बाईंचं म्हणणं मात्र सगळ्या जगाहून निराळं होतं. त्यांच्या मते ही विनोदी गोष्ट होती.

याला कारण होतं. बाई कॉलेजात असताना त्यांना कांजिण्या आल्या होत्या. वसतिगृहाच्या टोकाला एक अडगळीची खोली होती, तिथे त्यांची रवानगी झाली. मैत्रिणी दाराबाहेरून हाका मारायच्या आणि उत्तराची वाट न बघता निघून जायच्या. जेवणाचं ताट झाडूच्या दांड्याने आत सरकवलं जाई. खोलीत एक मोडका पंखा, एक खाट आणि कुणीतरी विसरलेलं एक पुस्तक. त्या पुस्तकात ही गोष्ट. तापाने फणफणलेल्या त्या मुलीने ती वाचली, आणि डॉक्टर हॅट अडकवतो तिथे तिला असं हसू फुटलं, की अंगावरचे फोड दुखायला लागले तरी थांबेना. हसून झाल्यावर थोडं रडूही आलं, पण ते नंतर. आधी हसू. आणि आपल्यासारखंच एकटं पडलेलं कुणीतरी भिंतीला टेकून उभं आहे, आणि तरीही लिहिणाऱ्याला त्याची गंमत वाटते आहे, या गोष्टीचा तिला विलक्षण आधार वाटला होता.

वर्गात एकदा तरी कुणीतरी तसं हसावं, एवढीच बाईंची इच्छा होती. ती आजवर पुरी झाली नव्हती. पोरं गोष्ट ऐकून मान खाली घालत आणि वहीत ‘निरर्थकता’ असं लिहून खाली दोन रेघा ओढत. पालथ्या घड्यावर पाणी.

म्हणून बाईंनी खुंटीचा तास काढला होता. वर्गातल्या सगळ्यांत उंच मुलाला दाराशी उभं करायचं, हात पुढे. आत येणाऱ्याने आपली बॅग, डबा, बाटली, जे असेल ते त्याच्या हातावर अडकवायचं आणि जागेवर जाऊन बसायचं. गोष्ट वाचून संपेपर्यंत खुंटीशी कुणी बोलायचं नाही, खुंटीकडे कुणी बघायचं नाही. खुंटीनेही हलायचं-बोलायचं नाही. ज्याची खुंटी होई तो वर्षभर ‘खुंटी’ म्हणूनच ओळखला जाई. असे दोघेतिघे आता बापही झाले होते, पण बाजारात भेटले की बाई त्यांना विचारत, ‘काय रे खुंटी, बरं आहे ना?’

या वर्षी मोठ्या सरांनी बाईंना खोलीत बोलावलं. मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. माणूस वाईट नव्हता. फक्त प्रत्येक गोष्टीचा उपयोग काय, हे त्यांना आधी कळावं लागे.

‘बाई, ती खुंटी या वर्षापासून काढावी म्हणतोय.’

‘काय चुकलं तिचं?’

‘चुकलं काही नाही. पण एवढ्याशा पोरांना आपण कशाला सांगायचं, की आयुष्याला अर्थ नाही म्हणून? पुढे त्यांचं त्यांना कळेलच की.’

‘मग शिकवू काय?’

‘तो पुलाचा धडा आहे ना. अभियंता पूल बांधतो, पडतो. पुन्हा बांधतो, पुन्हा पडतो. तिसऱ्यांदा उभा राहतो. वाचून उमेद येते.’

‘पहिल्या दोन पुलांवर तेव्हा कोण होतं, सर?’

‘बाई.’

बाईंनी एक पाऊल मागे घेतलं. ‘एकदा माझा तास बघा. मग काय ते ठरवा.’

सरांनी टेबलावरची टाचणी उचलून पुन्हा डबीत टाकली. ‘ठीक आहे. गुरुवारी येतो. मुलं जागी दिसली तर खुंटी राहील. जांभया दिसल्या तर पूल.’

त्या दिवशी बाई घरी आल्या त्या रागानेच. घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. दाराजवळच्या खुर्चीत बाईंचे यजमान बसलेले असत. ते बस आगारात हरवल्या-सापडलेल्या वस्तूंच्या खिडकीमागे नोकरीला होते आणि आता निवृत्त झाले होते. जन्मभर त्यांनी परक्यांच्या छत्र्या, डबे, पिशव्या आणि एकदा तर कुणाची तरी कवळीसुद्धा सांभाळून ठेवली होती. वस्तू न्यायला येणाऱ्याला वस्तू आधी दाखवायची नाही, हा त्यांचा शिरस्ता. आधी वर्णन. रंग सांगा, आत काय आहे ते सांगा, एखादी खूण सांगा. मग मिळेल. लोक चिडत, साहेबांकडे तक्रार नेत. पण एकाची वस्तू दुसऱ्याला गेली, असं त्यांच्या खिडकीवर कधी घडलं नाही.

दार उघडल्याबरोबर बाईंनी बॅग त्यांच्या एका हातात दिली, छत्री दुसऱ्या हातात. ‘धरा हं,’ म्हणत त्या आत गेल्या, तोंडावर पाणी मारलं, पंख्याखाली बसल्या, मोठ्या सरांना आणि त्यांच्या पुलाला मनसोक्त शिव्या दिल्या. यजमान दारापाशी दोन्ही हात भरलेले, ऐकत होते. हे रोजचंच होतं. यात काही विशेष आहे, असं दोघांनाही वाटत नव्हतं.

‘म्हणजे जांभई आली की संपलं,’ ते म्हणाले.

‘संपलं.’

‘मुलांना डुलकी येईल असा तास तर नाही ना तुझा?’

‘जेवणानंतरचा.’

‘अरेरे,’ यजमान म्हणाले.

गुरुवार उजाडला आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तशी गत झाली. वर्गातला सगळ्यांत उंच मुलगा, ज्याला पोरं उंट म्हणत, तो हाताला प्लास्टर घालून आला.

‘हे काय रे?’

‘फुटबॉल, बाई.’

‘फुटबॉल पायाने खेळतात ना?’

‘हो. पण पडताना हात लागतो.’

‘दुसरा हात आहे की.’

‘तो लिहायचाय, बाई.’

बाकीच्यांनी तर ‘मोठे सर बसणार आहेत’ हे ऐकताच मान वळवली. कालपर्यंत ‘मीच उंच’ म्हणत खुंटी व्हायला भांडणारी पोरं आज खिडकीबाहेरच्या कावळ्याचा अभ्यास करत होती. आणि त्यावर कडी म्हणजे, बाईंनी पुस्तक उघडलं तेव्हा अक्षरांच्या जागी मुंग्या दिसल्या. चष्मा घरी राहिला होता. फ्रिजवर.

शिपायाच्या फोनवरून बाईंनी घरी फोन लावला. जेवणाची सुट्टी संपता संपता यजमान वर्गाच्या दारात हजर झाले. धापा टाकत, खिशातून चष्म्याची पेटी काढत. बाहेर पावसाची एक सर येऊन गेली होती आणि त्यांचे खांदे ओले होते.

‘बरं झालं आलात.’ बाईंनी चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला आणि त्यातून यजमान सोडून बाकी सगळा वर्ग नीट पाहिला. मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ‘जरा इथे उभे राहता? दाराशी. हात असा पुढे.’

‘किती वेळ?’

‘गोष्ट संपेपर्यंत.’

‘मोठी आहे का?’

‘अहो, उभे राहा.’

ते उभे राहिले. मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजलं, ‘हे बाईंचे कोण?’ शेजारचा म्हणाला, ‘खुंटी.’

मुलं बॅगा घेऊन बाहेर गेली आणि एकेक करून त्या हातावर अडकवत पुन्हा आत आली. बॅगा जड होत्या. मग बाटल्या आल्या, डबे आले, एका मुलीने बुटांची पिशवी अडकवली. यजमानांचा हात फक्त बोटभर खाली आला. सगळ्यांत शेवटी मोठे सर आले. घाईत होते. दाराशी पुढे आलेला एक हात त्यांना दिसला. त्यांनी वर न बघता आपली ओली छत्री त्यावर टांगली आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.

उंटाच्या नाकातून एक आवाज निघाला. शेजारणीने त्याच्या प्लास्टरवर चिमटा काढला, त्याचा उपयोग झाला नाही.

बाईंचं मात्र कुठेच लक्ष नव्हतं. त्या वाचत होत्या. वाचत छान असत त्या; कारकुनाच्या आईचा आवाज वेगळा, डॉक्टरांचा वेगळा, रंगाऱ्याचा तर असा की समोर ब्रश दिसावा. पण आज सगळं घाईत चाललं होतं, आणि दर परिच्छेदाला त्यांची नजर मागच्या बाकाकडे जात होती. ‘चला, खुंटी तरी आहे’ हे शेवटचं वाक्य म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं. पंखा फिरत होता. जेवण अंगावर आलं होतं.

‘बोला,’ बाई म्हणाल्या. ‘काय वाटलं?’

पुढच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला. त्याला सगळे गाइड म्हणत, कारण तो गाइडातलं पान क्रमांकासकट सांगे. ‘खुंटी हे माणसाच्या एकाकीपणाचे प्रतीक आहे.’

‘बरं. आणि?’

‘आणि जीवनाच्या निरर्थकतेचे.’

‘ते टिपांत आहे. तुला स्वतःला वाचताना काय वाटलं?’

गाइडने प्रामाणिकपणे विचार केला. ‘निरर्थक.’

मागच्या बाकावर मोठ्या सरांनी तोंडावर हात नेला. जांभई दाबायला की काय, हे बाईंना कळेना. पण पूल त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहायला लागला. पहिला, दुसरा, आणि तिसरा.

‘बाई,’ पहिल्या बाकावरून एक बारीक आवाज आला. ती चिमणी. वर्गात सगळ्यांत लहानखुरी. ‘खुंटी हलतेय.’

‘खुंटी हलत नसते.’

‘हलतेय पण. बॅगा लावतेय.’

आता मात्र बाईंनी वळून बघितलं. खरोखर बघितलं. यजमानांच्या हातावर मघाचा तो ढिगारा नव्हता. जड बॅगा कोपरापाशी, हलक्या मनगटाकडे, बाटल्या बोटांत, डबे आडवे होणार नाहीत असे. छत्री त्यांनी कमरेच्या पट्ट्याला लावली होती, म्हणजे तिचं पाणी कुणाच्या बॅगेवर गळणार नाही. ते त्यांच्या पँटवर गळत होतं. आणि खाली उतरवून ठेवलेली बुटांची पिशवी ते एका पायाने हळूच ओल्या जागेतून बाजूला सरकवत होते.

‘अहो,’ बाई दबल्या आवाजात म्हणाल्या, ‘खुंटी हलत नाही.’

‘हो, पण एका बाटलीचं झाकण सैल आहे. खालच्या बॅगेत पाणी जात होतं.’

‘खुंटी बोलतही नाही.’

‘बरं,’ असं म्हणून यजमान बोलायचे थांबले, आणि पुन्हा समोरच्या भिंतीकडे बघत ताठ उभे राहिले, जणू काही झालंच नाही.

आधी उंट हसला. मग त्याच्या शेजारची. मग सगळा वर्गच असा काही फुटला, की शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या सरांनी भिंतीवर डस्टर आपटला. बाई पुस्तक छातीशी धरून उभ्या होत्या. या हसण्याची त्यांनी किती वर्षं वाट पाहिली होती. आणि ते आलं ते भलत्याच ठिकाणी, असं त्यांना वाटलं. मग वाटलं, भलतं तरी कशावरून?

‘बाई, पण मग,’ हसणं ओसरल्यावर चिमणी म्हणाली, ‘गोष्टीतला तो पण हलत असेल. घरात त्याच्याकडे कुणी बघतच नाही, तर तो हलत नव्हता हे लेखकाला कुणी सांगितलं?’

‘हे टिपांत नाही,’ गाइड म्हणाला.

‘आई बघते की सुरुवातीला,’ बुटांच्या पिशवीवाली म्हणाली.

‘ती बोलते. बघत नाही. बोलताना पिशवीतलं सामान काढते.’

‘डॉक्टर बघतात.’

‘डॉक्टर हॅट बघतात.’

‘रंगारी बघतो,’ प्लास्टरचा हात वर करून उंट म्हणाला, आणि आपल्यालाच काहीतरी सुचलं याचं त्याला नवल वाटलं. ‘तो एकटाच विचारतो, हिला पण मारायचा का म्हणून. बाकी अख्ख्या गोष्टीत खुंटीबद्दल कुणी काही विचारतच नाही.’

रंगाऱ्याचं ते वाक्य बाईंनी आजवर शेकडो वेळा मोठ्याने वाचलं होतं, त्याच्यासाठी वेगळा आवाज काढला होता. पण तो एकटाच विचारतो, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

‘पण विचारतो कुणाला?’ गाइड उभा राहून म्हणाला. त्याच्या हातात गाइड नव्हतं. ते बॅगेच्या बाहेरच्या खिशात, यजमानांच्या मनगटावर लटकलं होतं. ‘वडिलांना विचारतो. त्याला स्वतःला कुठे विचारतो?’

‘त्याला विचारलं असतं तर तो बोलला असता का, बाई?’ चिमणीने विचारलं.

‘काय माहीत,’ बाई म्हणाल्या. वर्गात हे उत्तर त्यांनी पहिल्यांदाच दिलं होतं, आणि ते इतकं सोपं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

भांडण चांगलंच रंगलं होतं, तेवढ्यात घंटा झाली. पोरं उठली आणि नेहमीप्रमाणे दाराकडे धावली. सगळ्यांत आधी पोचलेल्या मुलाने आपल्या बॅगेला हात घातला.

‘थांब,’ यजमान म्हणाले.

मुलगा थांबला. ‘काय?’

‘रंग?’

‘कशाचा?’

‘बॅगेचा. रंग सांग, आत काय आहे ते सांग. मग घेऊन जा.’

मुलाने बाईंकडे बघितलं. बाईंनी छताकडे. त्यांना पुढे काय होणार ते कळून चुकलं होतं. या माणसाला आगारात साहेबसुद्धा हलवू शकले नव्हते.

‘निळी. आत वह्या आहेत.’

‘वह्या सगळ्यांच्याच असतात. एखादी खूण?’

‘चेन तुटलीय. तिथे सेफ्टी पिन आहे.’

‘घे. आणि पिन बदल, टोचेल.’

झालं, रांग लागली. पोरांना हा खेळ गोष्टीपेक्षा आवडला. एकीच्या बॅगेत पेन्सिलीचे तुकडे, ते ती टाकत नव्हती. एकाच्या बॅगेत भावाचा जुना रुमाल होता, हे सांगताना तो मागे वळून कोण ऐकतंय ते बघत होता. गाइडला आपल्या बॅगेत काय आहे ते आठवेना. ‘गाइड,’ तो म्हणाला. यजमान म्हणाले, ‘ते तर बाहेर आहे. आत काय?’ शेवटी त्याला आठवलं, की आत बॅडमिंटनचं एक शटल आहे, पिसं गळालेलं, गेल्या वर्षी स्पर्धेत जिंकलेल्या सामन्याचं. हे वर्गात कुणालाच माहीत नव्हतं.

रांगेच्या शेवटी मोठे सर उभे होते. घड्याळ बघत.

‘छत्री द्या.’

‘वर्णन?’

मोठ्या सरांनी आता पहिल्यांदा वर पाहिलं. एक ओळखीचा वाटणारा, पिकल्या केसांचा माणूस त्यांच्याकडे शांतपणे बघत होता. मुलं मुळीच हलत नव्हती.

‘काळी,’ सर म्हणाले.

‘काळ्या तर सगळ्याच असतात, साहेब.’

‘मूठ वाकडी.’

‘तीही असते.’

‘अहो, माझीच आहे ती. इथे दुसरी छत्री तरी आहे का?’

‘नाही,’ यजमानांनी मान्य केलं. ‘पण असं एकाला सोडलं की दुसराही म्हणतो मला सोडा. आतली एखादी खूण सांगा.’

सरांनी आठवून बघितलं. रोज वापरतो ती छत्री, रोज उघडतो, मिटतो. आठवेना. यजमानांनी ती पट्ट्यातून सोडवून अर्धी उघडली. आतल्या बाजूने, काडीला लागून, टिकलीएवढं काळं ठिगळ होतं. टाका इतका बारीक की बाहेरून पत्ता लागू नये.

‘हे कुणी लावलं?’

मोठे सर त्या ठिगळाकडे बघत राहिले. ‘मधे गळत होती,’ ते हळूच म्हणाले. ‘मग गळायची थांबली. मला वाटलं, आपोआप थांबली.’

कुणी हसलं नाही. यजमानांनी छत्री मिटून त्यांच्या हातात दिली. ‘आता वर्णन झालं,’ ते म्हणाले.

शाळा सुटायच्या आधी बाईंना पुन्हा त्या खोलीत बोलावणं आलं. छत्री टेबलावर आडवी ठेवलेली होती. एरवी ती कोपऱ्यात असे.

‘तास चांगला झाला,’ सर म्हणाले. ‘म्हणजे, तो तास होता का, ते काही मला कळलं नाही.’

‘मलाही नाही, सर.’

‘जांभई मला आली होती, हे खरं. पण माझीच मोजणं बरोबर नाही.’ त्यांनी टाचणी उचलली, डबीत टाकली. ‘असं करू. खुंटी राहू दे, पूलही राहू दे. मुलांनी दोन्हींतलं हवं ते निवडावं.’

‘पूल निवडतील, सर. पूल छोटा आहे.’

‘तुमची ती खुंटी पुढच्या वर्षी येणार आहे का?’

‘विचारते,’ बाई म्हणाल्या.

बाई जिने चढून घरी आल्या तेव्हा दार उघडंच होतं. यजमान खुर्चीत बसले होते, उजव्या खांद्यावर गरम पाण्याची पिशवी. खोलीत मलमाचा वास होता. बाईंचा हात सवयीने पुढे गेला, हातात बॅग. ‘धरा हं.’

यजमानांनी हात पुढे केला नाही. ‘रंग?’

‘अहो, दमलेय मी.’

‘रंग?’

‘तपकिरी.’ बाई उंबऱ्यात थांबल्या. ‘आत पुस्तक आहे, डबा आहे, कंगवा आहे. आणि चष्मा.’

‘चुकलं. चष्मा डोळ्यांवर आहे.’

बाईंनी त्या चष्म्यातून त्यांच्याकडे पाहिलं. खांदा सुजला होता. मनगटावर बॅगांच्या पट्ट्यांचे लाल वळ होते, एकाखाली एक, नीट लावून ठेवल्यासारखे.

‘फार दुखतंय का?’

‘दुखतंय.’

‘मग तेव्हा बोलला का नाहीत?’

‘बोललो की. तूच म्हणालीस, खुंटी बोलत नाही.’

बाईंना हसू आलं. आधी थोडं, मग आवरेना असं, वसतिगृहातल्या त्या खोलीत आलं होतं तसं. त्या दाराच्या चौकटीला धरून हसत राहिल्या आणि यजमान पिशवी खांद्यावर दाबून धरत त्यांच्याकडे बघत बसले, वस्तूचं वर्णन बरोबर जुळल्यावर बघत तसे.

‘काय ठरलं खुंटीचं?’

‘राहिली. अर्धी. मुलांनी निवडली तर.’ बाईंनी डोळे पुसले. ‘सर विचारत होते, पुढच्या वर्षी तुम्ही याल का.’

‘सर विचारत होते?’

‘मी विचारतेय.’

यजमानांनी विचार केला. ‘येईन. पण बाटल्यांची झाकणं आधी तपासायची. आणि डावा हात.’

‘डावा,’ बाईंनी कबूल केलं. मग त्यांनी बॅग ठेवायला इकडेतिकडे पाहिलं. दारामागे एक खुंटी होती. हे घर घेतलं तेव्हापासून होती, पितळेची, धूळ बसून काळी पडलेली. तिच्यावर आजवर कधी काही टांगलं गेलं नव्हतं. बाईंनी पदराने ती पुसली, बॅग तिच्यावर अडकवली, छत्री अडकवली, आणि पडतेय का ते बघितलं. पडली नाही.

यजमान आपल्या मोकळ्या हातांकडे बघत होते. त्यांचं काय करायचं, हे त्यांना क्षणभर सुचेना.

‘डावा हात मोकळाच आहे,’ बाई म्हणाल्या, ‘तर चहाचं आधण ठेवा. दूध मी काढते.’

‘ही बढती म्हणायची की बदली?’ असं विचारत यजमान उठले.